दुसरं दार ऐकू का येत नव्हतं: एका गेटवेची गोष्ट

तक्रार एका ओळीची होती. "पहिलं दार उघडलं की कळतं, लगेच दुसरं उघडलं की कळत नाही." आमचा छोटा गेटवे बॉक्स, आत एक एलटीई, म्हणजे ४जी मोबाइल नेटवर्कचा मोडेम आणि एक ब्लूटूथ लो एनर्जीचा, म्हणजे बीएलईचा रेडिओ. दारांवर बॅटरीवाले सेन्सर. दार उघडलं की सेन्सर जागा होतो, १०० मिलिसेकंदांच्या अंतराने तीन वेळा ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे 'मी इथे आहे' असं सांगणारं छोटं रेडिओ पॅकेट पाठवतो आणि परत झोपतो, बॅटरी वाचावी म्हणून. गेटवेने ते ऐकायचं आणि एलटीईवरून सर्व्हरला कळवायचं. एवढंच काम.

आता असं वाक्य ऐकलं की कोणीही म्हणेल सॉफ्टवेअरची चूक आहे, पहिला इव्हेंट पाठवण्यात कोड अडकलाय आणि दुसरा रांगेतून पडतोय. आम्हीही तेच म्हणालो. रांग तपासली, लॉक तपासले, बीएलईचं स्कॅन पाठवताना बंद तर होत नाही ना ते पाहिलं, सगळं जागच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी अवस्था होती, पण ते कळायला वेळ लागला.

पहिला खरा धागा लॅबमध्ये मिळाला नाही, तो जागेवर गेल्यावर मिळाला. जिथे एलटीईचं सिग्नल दणदणीत तिथे तक्रार नाही, जिथे कव्हरेज कमजोर तिथेच दुसरं दार हरवतं. कोडला कव्हरेजशी काय देणंघेणं? पण मोडेमला असतं. टॉवर लांब असला की मोडेम आवाज चढवतो, जवळ असला की कुजबुजतो. एलटीईच्या नेहमीच्या पॉवर क्लासमध्ये मोडेम खाली उणे ४० डीबीएमपासून वर २३ डीबीएमपर्यंत जातो, म्हणजे ६३ डीबीचा फरक (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर, दर १० डीबीला दसपट). लॅबमधला आमचा बॉक्स टॉवरशी कुजबुजत होता आणि जागेवरचा ओरडत होता, आणि पहिल्या दाराची बातमी तो ओरडून सांगत असतानाच दुसरं दार उघडत होतं.

मोडेम बँड ४० वर होता, २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ, टीडीडी, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणं आणि ऐकणं. बीएलई सुरू होतं २४०२ ला. शेजारी नाही, भिंतीला भिंत.

मग साधा हिशोब मांडला, जो खरं तर बोर्ड काढायच्या आधी मांडायला हवा होता. दोन अँटेनांमधलं आयसोलेशन, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत पोचताना किती घटतो ते, नेटवर्क ॲनालायझरवर मोजलं, १२ डीबी निघालं. मोडेमच्या अँटेनावर २३ डीबीएम, वजा १२, म्हणजे बीएलई चिपच्या इनपुटच्या पायावर (पिनवर) +११ डीबीएम. आमच्या चिपच्या डेटाशीटात इनपुटची कमाल मर्यादाच +१० डीबीएम लिहिलेली, त्यापलीकडे चिपला इजा होऊ शकते. आणि ब्लूटूथच्या मानकात ब्लॉकिंगची, म्हणजे बाहेरच्या जोरदार सिग्नलने रिसीव्हर दबतो का याची, जी चाचणी आहे त्यात २००३ ते २३९९ मेगाहर्ट्झमधला उपद्रवी सिग्नल उणे ३५ डीबीएमचा धरलेला आहे, तेवढा सहन करून रिसीव्हरने उणे ६७ चा हवा तो सिग्नल ऐकला पाहिजे. आमचा उपद्रव त्याच्यापेक्षा ४६ डीबी जास्त, म्हणजे जवळपास ४०,००० पट. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही.

घाईत केलेला उपाय

इथे माझ्याकडून एक चूक झाली ती लिहितो, कारण ती फार जण करतात. रिसीव्हर दबतोय ना, मग त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, कमी करू, असं म्हणून मी एलएनएचा, म्हणजे अँटेनाजवळच्या पहिल्या ॲम्प्लिफायरचा गेन फर्मवेअरमधून कायमचा खालच्या पायरीवर ठेवला. जवळच्या दारांचे इव्हेंट लगेच सुधारले, टेबलावर सगळं छान दिसलं, आणि तसाच बिल्ड जागेवर गेला. दोन दिवसांत लांबची दारं दिवसभर गप्प, मोडेम बोलत असो वा नसो. साहजिक आहे. एलएनएचा गेन खाली आणला की रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज सिग्नलच्या मानाने वर येतो. उणे ८० डीबीएमच्या आसपास येणारं लांबचं दार आधी आरामात ऐकू यायचं, ते त्या नॉइजमध्ये बुडालं. मोडेम ओरडतो तो दिवसातली काही मिनिटं, आणि मी त्यासाठी रिसीव्हरला चोवीस तास बहिरं केलं होतं.

तो बिल्ड मागे घेतला आणि मग नीट मोजायला बसलो.

बँड ४० मध्ये पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. फ्रेम १० मिलिसेकंदांची, तिचे १ मिलिसेकंदाचे दहा तुकडे, त्यातले कोणते अपलिंकचे, म्हणजे मोडेमने टॉवरकडे पाठवायचे, ते नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनवर ठरतं. आमच्याकडे कॉन्फिगरेशन १ होतं, त्यात दर ५ मिलिसेकंदांत लागोपाठ २ मिलिसेकंद अपलिंक. म्हणजे अपलोड जोरात चालू असताना मोडेम ४० टक्के वेळ बोलतो. मग बीएलईची ४० टक्के पॅकेट हरवायला हवीत, बरोबर? टेबलावर मोजली तर जवळपास ६० टक्के हरवत होती.

हा ४० आणि ६० मधला फरक मला रात्रभर सोडत नव्हता, आणि प्रकरणाची किल्ली तिथेच निघाली.

थोडा फरक सरळ होता. ॲडव्हर्टाइजमेंट म्हणजे काही टिंब नाही, त्याला लांबी आहे. जुन्या पद्धतीचं पूर्ण भरलेलं पॅकेट ४७ बाइटचं, १ मेगाबिटने ३७६ मायक्रोसेकंद. मोडेमचा २ मिलिसेकंदांचा बर्स्ट सुरू व्हायच्या ३७६ मायक्रोसेकंद आधीपासून जे पॅकेट सुरू झालं त्याचं शेपूट बर्स्टमध्ये सापडतं आणि सीआरसी, म्हणजे पॅकेट बिनचूक आलं का ते तपासणारा आकडा, चुकतो. त्यामुळे धोक्याची खिडकी २ ची २.३७६ मिलिसेकंद होते, ५ पैकी, म्हणजे ४७.५ टक्के. अजून बारा टक्के कुठे गेले?

चिपच्या डीबग पायावर गेनची पायरी बाहेर काढता येते. ती ऑसिलोस्कोपच्या एका चॅनलवर आणि मोडेमची ट्रान्समिट चालू असल्याची लाइन दुसऱ्यावर लावली. जे दिसलं ते सांगतो. बर्स्ट सुरू होतो, गेन काही मायक्रोसेकंदांत वरच्या पायरीवरून तळाला कोसळतो, अगदी हवं तसं. २ मिलिसेकंद तळाला बसतो. बर्स्ट संपतो, मोडेमची लाइन खाली येते, आणि गेन तिथेच बसलेला! मग एक पायरी वर, थांबतो, आणखी एक पायरी, पुन्हा थांबतो, असं करत पूर्ण वर यायला साधारण ६०० मायक्रोसेकंद. रखरखीत उन्हातून एकदम घरात आलं की क्षणभर अंधारी येते, समोर माणूस उभा असला तरी दिसत नाही, तसंच हे. हवा स्वच्छ झालेली असते पण रिसीव्हरला अजून दिसत नसतं.

आता २.३७६ मध्ये ०.६ मिळवा, २.९७६ भागिले ५, ५९.५ टक्के. जुळलं. असा आकडा कागदावर आणि स्कोपवर एकसारखा येतो तेव्हा जो आनंद होतो त्यासाठीच आम्ही हे काम करतो.

एजीसी, म्हणजे गेन आपोआप ठरवणारी रिसीव्हरमधली यंत्रणा, असा का वागतो? कारण तो तसाच बनवलेला असतो आणि त्यात वावगं काही नाही. वर जाताना सावकाश, खाली येताना झटकन, म्हणजे ओव्हरलोडपासून वाचायचं आणि उगाच वरखाली नाचायचं नाही. बीएलईत प्रीॲम्बल, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीचा ठरलेला इशारा, फक्त ८ मायक्रोसेकंदांचं असतं, तेवढ्यात गेन ठरवून मग पॅकेट संपेपर्यंत गोठवायचा असतो. हवेत एकटा बीएलई असेल तर हा स्वभाव उत्तम. चाळीस टक्के वेळ कानाशी ढोल वाजतोय हे गृहीत धरून तो कोणी बनवलेला नाही.

दाराचं गणित आता लागलं. तीनपैकी एक जरी पॅकेट मिळालं तरी इव्हेंट पोचतो. प्रत्येक हरवण्याची शक्यता ५९.५ टक्के, तिन्ही हरवण्याची साधारण २१ टक्के. पाच दारांतलं एक. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. बीएलईच्या मानकात दर ॲडव्हर्टाइजमेंटच्या वेळेत ० ते १० मिलिसेकंदांचा रँडम उशीर मिसळलेला असतो, आणि आमच्या एलटीईचं आवर्तन ५ मिलिसेकंदांचं, म्हणजे तो उशीर बरोबर दोन आवर्तनांवर सारखा पसरतो. त्यामुळे एक पॅकेट बर्स्टवर आपटलं म्हणून पुढचंही आपटेल असं नाही, तिघांचं नशीब वेगवेगळं, आणि म्हणूनच सरळ गुणाकार चालतो. तो उशीर नसता तर १०० मिलिसेकंद म्हणजे ५ ची बरोबर वीस आवर्तनं, तिन्ही पॅकेट एकतर एकत्र वाचली असती नाहीतर एकत्र गेली असती, आणि पाचांतलं एक नाही तर निम्म्याहून जास्त दारं हरवली असती.

दोन जागा, दोन आजार

इथपर्यंत वाटलं की गेन सांभाळला की सुटलो. मग दुसऱ्या जागेचा डेटा आला. तक्रार तीच, शब्दही तेच. पण पहिल्या जागी एलटीईचा कॅरिअर, म्हणजे मोडेमला मिळालेला फ्रीक्वेन्सीचा पट्टा, २३३० ते २३५० होता आणि दुसऱ्या जागी बँडच्या अगदी टोकाला, २३८० ते २४००. बीएलईची ॲडव्हर्टाइजमेंट ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनलवर जाते. दुसऱ्या जागी चॅनलनिहाय आकडे काढले तर चॅनल ३७, म्हणजे २४०२ मेगाहर्ट्झ, ३९ पेक्षा कितीतरी वाईट. पहिल्या जागी तिन्ही चॅनल सारखेच वाईट होते.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखं काही असेल तर हे. ट्रान्समिटर रिसीव्हरला दोन तऱ्हेने छळतो. एक, त्याचा मुख्य सिग्नल इतका मोठा असतो की रिसीव्हरची पुढची पायरी दबते, मग चॅनल कोणताही असो. हा रिसीव्हरचा आजार, त्यावर गेन, फिल्टर, सगळं चालतं. दोन, ट्रान्समिटरच्या ॲम्प्लिफायरमधून जो कचरा बाजूच्या फ्रीक्वेन्सीत सांडतो तो थेट आपल्याच चॅनलमध्ये येऊन बसतो. हा आजार रिसीव्हरचा नाहीच. गेन कमी करा, सिग्नल आणि कचरा दोन्ही सारखेच कमी होतील. बीएलईच्या बाजूला कितीही भारी फिल्टर लावा, कचरा हव्या त्या फ्रीक्वेन्सीतच आहे, फिल्टर त्याला सलाम करून आत सोडणार.

कचऱ्याचा हिशोब असा. एलटीई मोडेमने शेजारच्या चॅनलमध्ये सांडणं किमान ३० डीबी खाली ठेवायचं असं मानक सांगतं. २३ वजा ३०, उणे ७ डीबीएम, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलसाठी १८ मेगाहर्ट्झच्या मापात. आयसोलेशनचे १२ वजा, उणे १९. बीएलईच्या साधारण १ मेगाहर्ट्झच्या खिडकीत त्यातले उणे ३१.५ डीबीएम येतात. आणि चांगल्या बीएलई रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज तेवढ्या खिडकीत उणे १०७ च्या आसपास. ७५ डीबीचा फरक. मोडेम मानकापेक्षा १० डीबी चांगला असला तरी काय, बॉक्सला चिकटवून ठेवलेला सेन्सरसुद्धा त्यात हरवेल. दुसऱ्या जागी चॅनल ३७ बर्स्टपुरता मेलेलाच होता.

दोन्हीतला कोणता आजार हे ओळखायला महागडी यंत्रं लागतात असं नाही. एलएनए एक पायरी खाली आणा आणि बर्स्टच्या दरम्यानच मोजा. पॅकेट सुधारली तर रिसीव्हर दबत होता. काहीच फरक पडला नाही तर हवेतच कचरा आहे. आम्ही खात्रीसाठी मोडेमच्या जागी सिग्नल जनरेटर लावला, ॲम्प्लिफायरनंतर बँडपास फिल्टर टाकून तो स्वच्छ केला, तेवढ्याच पॉवरचा. २३४० ला स्वच्छ सिग्नल आणि खरा मोडेम यांत फरक दिसला नाही. बँडच्या टोकाला मात्र दिसला, स्वच्छ सिग्नलने तिन्ही चॅनल सारखे दबले आणि खऱ्या मोडेमने ३७ वेगळाच मारला. तेवढ्यावर वाद संपला.

काय काय बदललं

आधी अँटेना. आमच्या अँटेनावाल्या सहकाऱ्याने बीएलईचा अँटेना बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि ९० अंशात फिरवला, १२ चे २१ डीबी झाले. ९ डीबी म्हणजे आठपट, आणि ते दोन्ही आजारांवर सारखेच लागू, ब्लॉकरही, म्हणजे दाबणारा मुख्य सिग्नलही, तेवढा कमी आणि कचराही. दुसरा कोणताही उपाय असा दुहेरी नाही. बोर्डाचा आकार ठरवताना अँटेनाची जागा सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात देतात, ते चूक आहे.

मग फिल्टर, बँड ४० अडवणारा आणि २.४ गीगाहर्ट्झ सोडणारा बीएडब्ल्यू जातीचा, उभ्या कडेचा फिल्टर. २३४० ला ४० डीबी अडवतो. २३ वजा २१ वजा ४०, उणे ३८ डीबीएम, म्हणजे पहिल्या जागी आता मानकाच्या उणे ३५ च्याही आत आलो. किंमत म्हणून हव्या सिग्नलचे २ डीबी गेले, मोकळ्या जागेत साधारण २० टक्के अंतर. ते मान्य केलं. बँडच्या टोकाला मात्र हा फिल्टर फारसा कामाचा नाही, २३९८ अडवून २४०२ सोडायचं म्हणजे कडा केवढी उभी लागेल विचार करा, वर तापमानाने ती सरकते.

आणि गेन. मी आधी एजीसीचं वर जाणं जलद करून पाहिलं होतं. शेपूट कमी झालं पण बर्स्टच्या आतच गेन नाचायला लागला, कारण एलटीईच्या सिग्नलची पातळी सपाट नसते, ती क्षणाक्षणाला वरखाली होते, आणि जलद एजीसी प्रत्येक खड्ड्याला वर पळतो. वर खोटी प्रीॲम्बल सापडायला लागली. ते सोडलं. रिसीव्हरला अंदाज करायला लावण्यापेक्षा ज्याला नक्की माहीत आहे त्यालाच विचारावं. मोडेमला माहीत असतं तो कधी बोलणार. त्याची लाइन बर्स्टच्या जरा आधी वर येते, ती थेट बीएलई चिपच्या पायाला दिली. लाइन वर आली की सध्याचा गेन लक्षात ठेवायचा, ठरलेल्या खालच्या पायरीवर जायचं आणि एजीसी गोठवायचा. लाइन खाली आली की लक्षात ठेवलेला गेन जसाच्या तसा परत लावायचा, पायऱ्या चढत बसायचं नाही. ६०० मायक्रोसेकंदांचं शेपूट गेलं. पहिल्या जागी तर जवळची दारं बर्स्ट चालू असतानाही ऐकू यायला लागली, आणि लांबची दारं दोन बर्स्टच्या मधल्या मोकळ्या ३ मिलिसेकंदांत, पूर्ण गेनने.

या लाइनने एकदा दगा दिला. मोडेम रीसेट झाला की त्याचा तो पाय काही काळ कोणीच धरलेला नसतो, लाइन तरंगते, बीएलईला वाटतं मोडेम बोलतोय आणि तो खालच्या गेनवर बसून राहतो. एका रात्री लांबची सगळी दारं अशीच गेली. लाइनला खाली ओढणारा रेझिस्टर टाकला आणि फर्मवेअरमध्ये ४ मिलिसेकंदांची मर्यादा घातली, कारण टीडीडीच्या ठरलेल्या कॉन्फिगरेशनांत लागोपाठ अपलिंक जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद असतं आणि त्याआधी स्पेशल सबफ्रेमचं, म्हणजे ऐकण्याकडून बोलण्याकडे वळतानाच्या तुकड्याचं, थोडंसं. त्यापुढे लाइन वर असेल तर ती खोटी.

दुसऱ्या जागेसाठी वेगळा मार्ग. सेन्सर तिन्ही चॅनलवर पाठवतोच, मग कचऱ्यातला ३७ ऐकायचाच कशाला? कंट्रोलरच्या फर्मवेअरला हात लावता येत होता म्हणून कॅरिअर २३८० च्या वर असला की स्कॅन फक्त ३८ आणि ३९ वर. पण बर्स्टच्या दरम्यान तिथेही ब्लॉकर जवळजवळ +२ डीबीएमचा आत येतोच, त्यामुळे बर्स्टमध्ये काही मिळेल ही आशा सोडली. शेपूट गेल्यावर तिथली हानी ४७.५ टक्क्यांवर, तीन पॅकेटांचं गणित २१ वरून साधारण ११ टक्क्यांवर. अर्ध्यावर आलो, पण दहातलं एक दार हरवणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

शेवटचा घाव सॉफ्टवेअरनेच घातला. मोडेम एवढा वेळ बोलतो कशाला हे कोणी विचारलंच नव्हतं. पाहिलं तर प्रत्येक दाराला सर्व्हरशी नवीन टीएलएस, म्हणजे सुरक्षित कनेक्शन, त्याची सगळी हँडशेक, वर पूर्ण दिवसाचा लॉग. कमजोर कव्हरेजमध्ये हे सेकंदोन्‌सेकंद चालायचं. कनेक्शन उघडंच ठेवलं, इव्हेंटचे तेवढे काहीशे बाइट पाठवले, लॉग रात्री. हवेत बोलण्याचा वेळ इतका घटला की दुसऱ्या दाराच्या वेळी मोडेम बहुतेकदा गप्पच असतो.

उलट्या बाजूचंही सांगून टाकतो, बीएलई पाठवतो तेव्हा एलटीईचं ऐकणं थोडं बिघडतं, पण आमचा बीएलई क्वचितच पाठवतो म्हणून ते तसंच सोडलं.

आता स्वीकृतीची चाचणी बदलली आहे. मोडेमला टेस्टरवर २३ डीबीएमला बांधून, सतत अपलोड लावून, कॅरिअर एकदा २३४० ला आणि एकदा बँडच्या टोकाला ठेवून दोन दारं तीन सेकंदांच्या अंतराने उघडायची. टोकाला सतत अपलोडमध्ये अजूनही काही दारं जातात आणि अहवालात ते तसंच लिहितो. पुढच्या बोर्डात मोडेमच्या बाजूलाही फिल्टर टाकतोय, तो कचरा सांडायच्या आधीच अडवेल. त्याची जागा आखून झाली आहे, नमुने यायचे आहेत.